ओळखीच्या वस्तूंची अनोळखी छायाचित्रे

आकाशवाणीवरून छायाचित्रांविषयी बोलणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून रंगांची चर्चा करणे होय, असे एका मित्राने मला बजावले होते. त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु आज ज्या छायाचित्रांविषयी बोलावयाचे आहे, ती डोळ्यांसमोर धरली तरी उमगत नाहीत, अशीच त्यांची ख्याती आहे. तेव्हा श्रोत्यांची फारशी गैरसोय होईल असे वाटत नाही.

माझ्या संग्रहातील एका छायाचित्राचे वर्णन प्रथम करतो. एक चौकोनी बारव आहे. चारही अंगांनी पायऱ्या खाली उतरत गेल्या आहेत, आणि प्रत्येक पायरीचा चौकोन वरच्या पायरीच्या चौकोनात नेमका बसला आहे. कडा रेखीव, कोपरे काटकोनी. बांधणाऱ्याने ओळंबा क्षणभरही हातावेगळा केला नसावा, इतके काम चोख आहे. एका कोपऱ्यातील दोन पायऱ्या मात्र ढासळल्या आहेत. तळाशी पाणी नाही. तेथून अंधुक, पांढरट उजेड वर येतो आहे. आसपास ना झाड, ना माणूस, ना गवताचे पाते. ही बारव कोठली, असे मी अनेकांना विचारले. कोणी गुजरातचे नाव घेतले, कोणी राजस्थानचे; एका सद्गृहस्थांनी तर ती आपण लहानपणी पाहिल्याचेही सांगितले. श्रोत्यांनीही आपापला तर्क करून ठेवावा. उत्तर शेवटी सांगेन. ती बारव नाही, एवढे मात्र आताच सांगून टाकतो.

नित्याच्या वापरातील एखादी वस्तू अगदी जवळून टिपायची, तिचा एखादाच भाग चित्रात घ्यायचा, आणि ‘ओळखा पाहू’ म्हणून ते चित्र लोकांपुढे ठेवायचे, हा खेळ मासिकांनी आणि वर्तमानपत्रांनी पुष्कळ वर्षे खेळविला आहे. आपल्याकडील कोड्यांचा तो धाकटा भाऊ. कोड्यातही वस्तूचे गुण सांगतात आणि नाव झाकून ठेवतात. फरक इतकाच की, कोडे रूपकाच्या आडोशाने चकविते. छायाचित्र मात्र एक अक्षरही खोटे बोलत नाही. जे आहे तेच, आणि नेहमीपेक्षा अधिक तपशिलाने, ते दाखविते. अधिक दाखविल्यावर वस्तू कमी ओळखू यावी, हे मला या खेळातील खरे नवल वाटते.

याचे कारण असे की, आपण वस्तू ओळखतो ती केवळ तिच्या रूपावरून नव्हे. किसणी किसणी म्हणून ओळखू येते ती स्वयंपाकघरात, खोबऱ्याच्या वाटीशेजारी, हातभर अंतरावर. तिच्या दोनच दातऱ्या चित्रभर पसरल्या की लांबी-रुंदीचे माप नाहीसे होते, शेजार नाहीसा होतो, आणि मग त्या दातऱ्या एखाद्या डोंगरातील गुहेची तोंडे होऊन बसतात. माप गेले की काय होते हे भूगर्भशास्त्रज्ञांना पुरते ठाऊक आहे. खडकाचे छायाचित्र घेताना ते शेजारी हातोडी किंवा नाणे ठेवतात. न ठेवल्यास ती भेग वीतभर होती की पुरुषभर, हे महिन्याभराने त्यांचे त्यांनाच सांगता येत नाही.

कॅमेऱ्याचे भिंगही या फसवणुकीला हातभार लावते. वस्तू जितकी मोठी तितकीच तिची प्रतिमा फिल्मवर पडावी, इतके जवळ गेले की भिंगाची नजर उथळ होते. भिंगाचे तोंड मध्यम उघडे ठेवले असता जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट दिसतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सारे धुक्यात विरते. भेंडीच्या चकतीतील एक बी लखलखीत उमटते आणि तिच्या मागची भेंडी नाहीशी होते. पूर्वी यासाठी कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये भात्यासारखी घडी किंवा पोकळ नळ्या बसवाव्या लागत, अजूनही हौशी मंडळी बसवितात. पण आता खिशातला फोनही मुंगीचे डोके दाखवू लागला आहे, त्यामुळे या खेळाला सुगीचे दिवस आले आहेत.

या कलेचा उल्लेख करताना बर्लिनच्या कार्ल ब्लॉसफेल्ट या शिक्षकाला वगळता येणार नाही. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना आकृतिबंध शिकविण्यासाठी त्यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने वर्षानुवर्षे रानटी झाडांचे कोंब, कळ्या आणि देठ टिपले, काही तर तीस पटींपर्यंत मोठे करून. १९२८ साली त्यांचे पुस्तक निघाले; नावाचा अर्थ ‘कलेची आद्यरूपे’. पाठीमागे साधा करडा किंवा पांढरा पडदा, मापाची खूण नाही. नेच्याचा गुंडाळलेला कोंब पाहून धर्मगुरूचा नक्षीदार दंड आठवावा, आणि पाणथळीतील एखाद्या क्षुद्र वनस्पतीचे खोड पाहून मनोरा. ब्लॉसफेल्ट यांना कोडी घालावयाची नव्हती. पण कोड्यांचा याहून चांगला संग्रह मी पाहिलेला नाही.

आता थोडे माझ्या स्वतःच्या अनुभवाविषयी, आणि त्यातही माझ्या चुकीविषयी. उत्तरेकडील एका शहरात नोकरीनिमित्त बरीच वर्षे होतो. तेथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मी एके वर्षी अशा तेरा छायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन मांडले. प्रत्येक चित्राखाली क्रमांक. पाहणाऱ्याने चिठ्ठीवर उत्तर लिहून पेटीत टाकावयाचे. परीक्षक मीच. सातव्या क्रमांकाचे चित्र मला विशेष प्रिय होते. सातारा जिल्ह्यात आजोळी एक जाते आहे. ते नुकतेच टाकविले असताना त्याच्या तळीचा हातभरसुद्धा नव्हे, दोन बोटे रुंदीचा तुकडा मी टिपला होता. जाते वापरून गुळगुळीत झाले की पाथरवट त्याला टाकी लावतो, आणि दगडावर बारीक बारीक खळगे उठतात. दिवा एका अंगाने अगदी खाली धरल्याने प्रत्येक खळग्यात अर्धी सावली आणि अर्धा उजेड असे सुरेख चित्र उतरले होते.

चिठ्ठ्या उघडल्या. सातव्या क्रमांकावर बहुतेकांनी ‘फणस’ लिहिले होते, काहींनी ‘सीताफळ’, कोणी ‘मगरीची पाठ’. मला आश्चर्य वाटले, आणि खरे सांगावयाचे तर थोडा आनंदही झाला. परीक्षकाला आपला प्रश्न कठीण निघाल्याचा आनंद होतोच. एकाच चिठ्ठीवर वेगळे काही होते. ऐंशीच्या घरातील एका आजींनी, मुलाकडे राहावयास आलेल्या, जाड अक्षरात लिहिले होते: ‘दगड आहे. लोखंडाने मारलेला. हाताचे काम आहे, ओळी चुकल्या आहेत. पण फुगलेला का?’ नाव कोठेच नव्हते. मी त्या चिठ्ठीला शून्य दिले. बाकीच्या बारांपैकी नऊ उत्तरे आजींची साफ चुकली होती, त्यामुळे शून्य देताना मन कचरले नाही.

विसर्जनानंतर चित्रे उतरविताना ध्यानात आले की सातवे चित्र खिळ्याला उलटे टांगले गेले होते. वरची बाजू कोणती याची खूण पाठीमागे करावयास मीच विसरलो होतो. ते सरळ केले मात्र, सगळे फुगवटे एका क्षणात आत गेले आणि खळगे झाले. फणसाचा दगड झाला.

असे का व्हावे? सूर्य वर असतो. मनुष्याची दृष्टी ज्या जगात घडली तेथे उजेड बहुधा वरूनच येतो, आणि आपले मन ते इतके गृहीत धरून चालते की, त्याची आपल्याला वार्ताही नसते. खळग्यावर वरून उजेड पडला तर त्याच्या वरच्या काठाखाली सावली आणि खालचा काठ उजळ. उंचवट्याचे नेमके उलटे. चित्र उलटे केले की खळग्याची सावली खाली येते, आणि मन निर्णय देऊन मोकळे होते की हा उंचवटा आहे. हा निर्णय आपल्याला विचारून होत नाही. कारण ठाऊक असूनही तो बदलता येत नाही. घरी करून पाहावयाचे असल्यास चंद्रावरील विवरांचे एखादे छायाचित्र उलटे धरून पाहावे.

आपल्या देशातील श्रोत्यांना याचा आणखी एक दाखला सहज पाहता येईल. उपग्रहाने घेतलेल्या हिमालयाच्या चित्रांत उत्तर दिशा वर असते, आणि सकाळच्या प्रहरी सूर्य आग्नेयेस, म्हणजे चित्राच्या खालच्या अंगास. परिणाम असा की, पुष्कळांना दऱ्या म्हणजे डोंगरांच्या रांगा वाटतात आणि नद्या जणू शिखरांवरून वाहू लागतात. विमानातून घेतलेली छायाचित्रे वाचणाऱ्यांना म्हणूनच पहिला धडा असा देतात की, चित्र अशा रीतीने धरावे की सावल्या आपल्याकडे पडतील. ही विद्या शिकविण्यासाठी डेहराडूनला १९६६ साली खास संस्था निघाली. आज ती दूरसंवेदनाची संस्था म्हणून ओळखली जाते. धरणाची जागा, जंगलाची हद्द, पुराचे पाणी, यांविषयीचे निर्णय अशा चित्रांवरून होतात. तेथे दरीला डोंगर समजून चालत नाही.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने ही अडचण साडेतीनशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली आहे. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंची चित्रे दिली. आरंभ कशाने, तर सुईच्या टोकाने. आणि अणकुचीदार म्हणून प्रसिद्ध असलेले ते टोक बोथट आणि खडबडीत निघाले. त्याच ग्रंथात तो सांगतो की उंचवटा कोणता आणि खळगा कोणता, सावली कोणती आणि काळा डाग कोणता, हे भिंगाखाली ठरविणे फार कठीण जाते. माशीचा डोळा त्याला एका उजेडात छिद्रांची जाळी वाटला, तर दुसऱ्या उजेडात उंचवट्यांनी भरलेला. म्हणून उजेड बदलून बदलून पाहिल्याखेरीज तो चित्र काढावयास बसत नसे. माझ्याहून तो शहाणा होता.

एकाच उजेडात पाहण्याचे फळ किती दूरवर पोचते याचे उदाहरण मंगळावरचे आहे. २५ जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग–१’ या यानाने मंगळाच्या सिडोनिया नामक प्रदेशाचे छायाचित्र घेतले. सूर्य क्षितिजाजवळ होता. एका टेकाडावर पडलेल्या सावल्यांतून डोळे, नाक आणि तोंड असलेला चेहरा दिसू लागला. एका नाकपुडीच्या जागी जो काळा ठिपका होता, तो तर टेकाडावरचा नव्हेच. चित्र पृथ्वीवर येताना गळालेल्या माहितीची ती रिकामी जागा. हा उजेडाचा खेळ आहे असे शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितले, पण ‘चेहरा’ हे नाव एकदा उच्चारले गेले होते. पुढे १९९८ आणि २००१ साली दुसऱ्या यानाने कितीतरी अधिक स्पष्ट चित्रे पाठविली. त्यांत एक झिजलेले, सपाट माथ्याचे टेकाड आहे. तरीही जुने चित्र समोर धरले की मला अजून चेहराच दिसतो.

म्हणजे उजेडाइतकेच नावही फसविते. याविषयी जेरोम ब्रूनर आणि मेरी पॉटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६४ साली एक साधा आणि फार अर्थपूर्ण प्रयोग प्रसिद्ध केला. नित्याच्या वस्तूंची रंगीत चित्रे पडद्यावर प्रथम अस्पष्ट दाखवावयाची आणि हळूहळू स्पष्ट करीत जावयाचे. काही जणांना आरंभीच अतिशय अस्पष्ट चित्र दाखविले. काहींना पुष्कळसे स्पष्ट झाल्यावर दाखवावयास सुरुवात केली. शेवट मात्र सर्वांसाठी एकाच स्पष्टतेवर केला. आपल्याला वाटेल की ज्यांनी आरंभापासून पाहिले त्यांना फायदा झाला असेल. झाले उलटे. उशिरा आलेल्यांनी निम्म्याहून अधिक चित्रे ओळखली. अगदी अस्पष्टापासून पाहणाऱ्यांना पाव हिश्शाहूनही कमी ओळखता आली. शेवटी डोळ्यांपुढे सर्वांच्या तेच चित्र होते. परंतु पहिल्या मंडळींनी धुक्यातच काहीतरी नाव ठरवून टाकले होते, आणि पुढचा प्रत्येक तपशील ते त्या नावाशी जुळवून घेत राहिले.

हा प्रयोग वाचला तेव्हा मला त्या आजींची चिठ्ठी आठवली. चित्र उलटे होते, फुगवटे त्यांनाही दिसले होते; ‘फुगलेला का?’ हा प्रश्न त्याचा पुरावा. पण जे दिसते ते त्यांनी नावाशी जुळवून घेतले नाही. दगड, लोखंड, हात, चुकलेल्या ओळी, एवढे पक्के. बाकीचे जुळत नाही, म्हणून तेथे प्रश्नचिन्ह. फणस लिहिणाऱ्यांना ओळी चुकलेल्या दिसल्या नसतील असे नाही. फणसाला ओळी सरळ असण्याचे बंधन नसल्याने त्यांनी ते सोडून दिले. आणि परीक्षक म्हणून मी काय पाहिले, तर ‘जाते’ हा शब्द आहे की नाही. माझी चूक समजली तोवर आजी आपल्या धाकट्या मुलाकडे निघून गेल्या होत्या. त्यांना चित्राची एक प्रत, सरळ बाजूची खूण करून, टपालाने पाठविली. उत्तर आले ते त्यांच्या सुनेच्या हातचे: सासूबाई म्हणतात, टाकी बरी लावली आहे, पण पाळूच्या बाजूला घाई केली.

खेळात एका चिठ्ठीचे गुण गेले. अन्यत्र याची किंमत अधिक पडते, आणि त्याचा एक धागा आपल्या देशातून गेलेला आहे. हिवताप कशाने होतो याचा शोध चालला असताना, १८७९ साली क्लेब्स आणि तोमासी-क्रुदेली या दोघांनी रोमजवळच्या दलदलीत एक जंतू सापडल्याचे जाहीर केले आणि त्याला हिवतापाचा जंतू असे नावही दिले. पुढील वर्षी ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने एका रुग्णाच्या रक्तात काळसर कणांचे गोल आणि त्यांच्या कडेला वळवळणारे तंतू पाहिले. तो खरा हिवतापाचा परोपजीवी. पण नाव आधीच दुसऱ्याला देऊन झाले होते. लाव्हेराँचे म्हणणे सर्वत्र पटावयास कित्येक वर्षे जावी लागली.

त्यानंतरचा अंक सिकंदराबादचा. तेथील लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी डासांच्या पोटांची चिरफाड करून शेकडो वेळा भिंगाखाली पाहिले होते, आणि हाती काही लागले नव्हते. २० ऑगस्ट १८९७ रोजी, ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काही गोलाकार पेशी दिसल्या. दुसऱ्या कोणाला त्या जठराचाच भाग वाटल्या असत्या. रॉस यांना वाटल्या नाहीत, कारण निरोगी डासाचे जठर कसे दिसते हे त्यांना, रिकाम्या गेलेल्या त्या शेकडो चिरफाडींमुळे, तळहाताप्रमाणे ठाऊक झाले होते. या पेशी तेथल्या नव्हेत, एवढे प्रथम ठरले. मग त्यांतील काळे कण दिसले. तसे कण हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात त्यांनी पूर्वी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी उरलेला डास उघडला, तेव्हा त्यातील पेशी आणखी मोठ्या झालेल्या आढळल्या. म्हणजे जे आहे ते वाढते आहे. डासामुळे हिवताप पसरतो हे सिद्ध करण्याचा मार्ग येथून मोकळा झाला. रॉस यांना १९०२ साली आणि लाव्हेराँ यांना १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रसंगानंतर मी प्रदर्शनाचा नियम बदलला आहे. चिठ्ठीवर आता दोन रकाने असतात. पहिल्यात वस्तूचे नाव न घेता जे दिसते ते लिहावयाचे: कठीण की मऊ, वाढलेले की घडविलेले, ओले की कोरडे, उजेड कोणत्या बाजूचा, आणि न जुळणारे काय. नाव दुसऱ्या रकान्यात. गुण दोहोंना आहेत. पुष्कळजण पहिला रकाना कोराच सोडून देतात, विशेषतः मोठी माणसे. मुले मात्र तो भरभरून लिहितात, आणि त्यांच्या चिठ्ठ्या वाचताना माझ्याच चित्रांतील, मला कधी न दिसलेल्या गोष्टी मला दिसतात.

आता ती बारव. मिठागरातल्या संथ पाण्यावर ऊन तापले की मिठाचा एखादा बारीक चौकोनी कण तरंगू लागतो. तो वाढतो तसा जड होऊन किंचित खाली जातो, आणि पाण्याच्या पातळीशी त्याच्या वरच्या कडेभोवती मिठाची नवी किनार धरते. पुन्हा थोडे खाली, पुन्हा बाहेरून नवी किनार. असे होता होता आतून पोकळ आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला उलटा मनोरा तयार होतो, आणि शेवटी तो बुडतो. माझ्या चित्रातला कण कोकणातल्या एका मिठागरावरून आणलेला, चार मिलिमीटर रुंदीचा. तळाचा पांढरट उजेड काचेखाली ठेवलेल्या दिव्याचा, आणि कोपऱ्यातील दोन पायऱ्या ढासळल्या आहेत त्या माझ्या चिमट्याने.